मंदावलेल्या घरगुती संगणकातून ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली कशाने काढाव्यात?

मे महिन्याच्या अखेरीस मनीषनगरला धाकट्या भावाकडे गेलो होतो. पुतणीचा प्रवेश अर्ज भरायला आम्ही संगणकासमोर बसलो, तेव्हा क्रोम उघडायलाच जवळजवळ 4 मिनिटे लागली. शेजारच्या काकांनी एखादा ‘क्लीनर’, म्हणजे साफसफाईचा प्रोग्रॅम, टाकायला सुचवले, बर्डीवरच्या दुकानदाराने फोनवरच ‘फॉरमॅट करून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, म्हणून सांगितले आणि पुतणीने तर हिस्टरी पुसायला माउस हातात घेतलाच होता. असा प्रसंग नागपुरातल्या कितीतरी घरांत येत असणार. म्हणून उपलब्ध मार्ग एकमेकांशेजारी ठेवून पाहणे मला आवश्यक वाटते.

आधी हा साठा कशासाठी असतो ते लक्षात घ्यावे. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझर त्यावरील चित्रे, अक्षरांचे साचे आणि पान चालवणारा मजकूर डिस्कवर जपून ठेवतो, जेणेकरून पुढच्या वेळी तेच पुन्हा इंटरनेटवरून आणावे लागू नये. यालाच कॅशे म्हणतात. म्हणजे कॅशे मुळात वेग वाढवण्यासाठी आहे आणि तो काढल्यावर पहिल्यांदा प्रत्येक पान थोडे सावकाशच उघडते. मग काढायचा कधी? एक तर सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला डिस्कचा भाग, जवळजवळ भरलेला असताना, किंवा एखादे पान जुनेच दिसत असेल, अर्धवट उघडत असेल तेव्हा. या दोन कारणांखेरीज केवळ ‘संगणक मंद आहे’ म्हणून कॅशे काढल्याने फारसे हाती लागत नाही.

सी ड्राइव्ह भरण्याचा प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो. संगणक जोडून देताना 1 टीबीच्या डिस्कचे भाग पाडून सी ड्राइव्हला जेमतेम 100 जीबी ठेवले जातात. विंडोज, ब्राउझरचा साठा आणि डाउनलोड्स हे सर्व त्यातच जमत राहते आणि डी ड्राइव्ह मात्र मोकळा पडून असतो. भावाच्या सी ड्राइव्हवर 3 जीबीही जागा उरली नव्हती. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, कमी पडली की विंडोज डिस्कचा काही भाग तिच्यासारखा वापरते, शिवाय अपडेट उतरवायलाही मोकळी जागा लागते. ती नसली की सारेच रखडते.

पहिला मार्ग ब्राउझरचा स्वतःचा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या की साफसफाईची चौकट उघडते. कालावधी ‘ऑल टाइम’ ठेवावा, म्हणजे फायरफॉक्समध्ये ‘एव्हरीथिंग’, कारण बहुधा तेथे केवळ मागच्या तासाचा पर्याय निवडलेला असतो आणि त्याने काहीच जागा सुटत नाही. त्यानंतरची निवड जपून करावी. ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढ्याच चौकोनात खूण हवी. कुकीजवर, म्हणजे संकेतस्थळे आपली ओळख लक्षात ठेवण्यासाठी ठेवतात त्या नोंदींवर, खूण राहिली तर महावितरणच्या खात्यापासून ई-मेलपर्यंत सर्वत्र पुन्हा लॉगिन करावे लागते. ज्येष्ठांच्या घरी ही गोष्ट साधी नसते, कारण पासवर्ड कुठल्या वहीत लिहिला होता इथपासून शोध सुरू होतो. पासवर्डचा चौकोन दिसत असेल तर त्यावरची खूण आणखी घातक आहे: क्रोममध्ये सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सर्व उपकरणांवर माहिती सारखी ठेवण्याची सोय, चालू असेल तर इथे पुसलेले पासवर्ड आणि हिस्टरी त्याच खात्याच्या मोबाइलवरूनही जातात. पुतणीचा हात मी थांबवला तो याचसाठी. कॅशे मात्र त्या एकाच संगणकापुरता असतो, तो निर्धास्तपणे काढता येतो. घरातील प्रत्येकाचे क्रोममध्ये वेगळे प्रोफाइल असेल, तर प्रत्येकाचा साठाही वेगळा असतो आणि ही कृती प्रत्येक प्रोफाइलमध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.

दुसरा मार्ग विंडोजचा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज आणि तेथून ‘टेम्पररी फाइल्स’ असे गेले की कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा अडवली आहे ते आकड्यांत दिसते. ब्राउझरच्या मार्गात हा हिशेब इतका स्पष्ट मिळत नाही. मात्र एक गैरसमज येथे अनेकांचा होतो. यादीतील ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ हे नाव पाहून क्रोमचाही साठा गेला असे वाटते. प्रत्यक्षात ती नोंद इंटरनेट एक्सप्लोररच्या काळापासून चालत आलेल्या विंडोजच्या स्वतःच्या साठ्याची आहे, आणि एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी काढून घेतला. क्रोम किंवा फायरफॉक्सचा कॅशे त्या खुणेने हलत नाही. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. त्यावर चुकून खूण केली तर गुणपत्रिका, सातबारा, भाडेकरार असे उतरवून ठेवलेले सर्व कागद जातात. म्हणून ती यादी पूर्ण वाचल्याखेरीज ‘रिमूव्ह’ दाबू नये.

या दोहोंत निवड करायची तर हेतू पाहावा. पान नीट उघडत नसेल तर ब्राउझरचाच मार्ग उपयोगी, कारण विंडोजची सफाई त्या दोषापर्यंत पोहोचतच नाही. जागा मोकळी करायची असेल तर विंडोजचा मार्ग बहुतेक वेळा अधिक देतो: ब्राउझरचा कॅशे सहसा काहीशे एमबी ते एक-दोन जीबी असतो, तर नुकतेच मोठे अपडेट झाले असल्यास विंडोजची जुनी प्रत एकटीच त्याच्या कित्येक पट जागा घेऊन बसते. ती प्रत साधारण 10 दिवसांनी आपोआप जाते. आधी काढली तर मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही.

तिसरा मार्ग, काकांनी सांगितलेला क्लीनर. सर्व ब्राउझरांचा साठा एका बटणावर निघतो ही त्याची सोय खरी आहे. परंतु जे काम विंडोज आणि ब्राउझर विनामूल्य करतात, त्यासाठी संगणकभर वावरण्याचा अधिकार बाहेरच्या प्रोग्रॅमला द्यावा लागतो. 2017 साली सीक्लीनर या अत्यंत लोकप्रिय प्रोग्रॅमच्या 5.33 या आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता आणि ती अधिकृत ठिकाणावरूनच लाखो संगणकांत उतरली होती. शिवाय असे अनेक प्रोग्रॅम ‘रजिस्ट्री’, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदी, साफ करण्याचा आग्रह धरतात, आणि अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. घरगुती संगणकासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

फॉरमॅटचा सल्ला वरील तिन्हींच्या तुलनेत फार मोठा आहे. त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकावर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारी चौकट, पाहावा. काहीही विशेष चालू नसताना ‘डिस्क’चा रकाना सतत 100 टक्क्यांच्या आसपास असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅट करूनही काही महिन्यांत तेच होणार, तेव्हा तो पैसा आणि तो दिवस एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्यात घालवावा. ‘मेमरी’ भरलेली असेल तर टॅब आणि एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) कमी करावेत किंवा रॅम वाढवावी. दोन्ही रकाने शांत असूनही संगणक दुपारीच मंदावत असेल, तर पंख्यातील धूळ काढून घ्यावी. आपल्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. कॅशेशी त्याचा काहीही संबंध नसतो.

भावाच्या संगणकावर आम्ही क्रोमच्या तिन्ही प्रोफाइलांतील फक्त कॅशे काढला, मग विंडोजच्या यादीतील डाउनलोड्स सोडून उरलेले काढले आणि डाउनलोड्समधील फोटो व व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवले. 21 जीबी जागा मोकळी झाली. त्यातील ब्राउझरचा वाटा जेमतेम दीड जीबी होता. क्रोम आता मिनिटभरात उघडते. डिस्कचा रकाना मात्र अजूनही 100 वरून लवकर उतरत नाही, म्हणून अर्जाची मुदत संपली की एसएसडी बसवायची असे त्याने ठरवले आहे, आणि तोपर्यंत प्रवेशाचे सर्व कागद पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवले आहेत.