आयुकातला दुसरा शनिवार

महापालिकेच्या शाळेत मी आठवीला शिकवते. स्कॉलरशिपच्या जादा तासाखेरीज हुशार पोरांसाठी आमच्याकडे फारसं काही नसतं. म्हणून वर्गातल्या एकीला पुण्यात गणेशखिंडीत आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला नेलं. व्याख्यान छानच, पण तिथलं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, मुक्तांगण विज्ञान शोधिका, त्याहून सरस! पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. स्ट्रॉचं टोक चपटं करून, तिरपे काप देऊन तिथल्या ताईंनी पिपाणी केली. कात्रीने ती आखूड होत गेली तसा सूर चढत गेला. "बाई, अर्धी केली तर किती चढेल?" तिने विचारलं. ताईंनी उत्तर दिलं नाही, दुसरी स्ट्रॉ हातात दिली. शिकवणं असं हवं! शिक्षकांनो, मुलांना जरूर न्या. उन्हाळ्यात आयुकातल्या शास्त्रज्ञांबरोबर आठवडाभर काम करण्याचा उपक्रमही असतो, त्याची चौकशी आधीच करा.