मध्ययुगीन जॉर्जियन शिलालेखांचे वाचन : सदाशिव पेठेतील एका कार्यशाळेविषयी

टिळक रस्त्यालगतच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील लहानशा सभागृहात, मध्ययुगीन जॉर्जियन शिलालेख वाचायला शिकवणारी एक दिवसाची कार्यशाळा झाली आणि ९०० रुपये शुल्क भरून मी तिला बसलो. खेड्यातल्या जुन्या चर्चच्या भिंतीवर शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेला लेख एके दिवशी ‘सापडतो’ म्हणजे नेमके काय होते, हे मला समजून घ्यायचे होते.

त्याचे उत्तर फार चांगल्या रीतीने मिळाले. शिक्षकांनी दिवे मालवून एका कोरीव दगडावर समोरून विजेरी धरली तेव्हा सपाट पृष्ठभागाखेरीज काहीच दिसले नाही. तीच विजेरी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरताच खाचांमध्ये सावली भरली आणि अक्षरे उभी राहिली. चुन्याचा गिलावा, दगडफूल किंवा डागडुजीच्या वेळी उलटा बसवलेला दगड, एवढ्याने लेख दृष्टीआड होऊ शकतो, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

असोमतावरुली, नुस्खुरी आणि मखेद्रुली या तीन जॉर्जियन लिपींची ओळख मात्र घाईत उरकली. असोमतावरुली सर्वांत जुनी, जॉर्जियातील बोल्निसी येथील चर्चवरील पाचव्या शतकाअखेरचे लेख तिच्यातच आहेत, आणि आज वापरात असलेल्या मखेद्रुलीत ३३ अक्षरे आहेत, एवढे टिपून घेता आले. एका श्रोत्याने ही लिपी ब्राह्मीतून निघाली असावी असे सुचवले (पुण्यात हा प्रश्न यायचाच), तेव्हा तिचा वर्णक्रम ग्रीक वर्णमालेच्या वळणाने जातो, हे शिक्षकांनी शांतपणे दाखवून दिले.

खरी मौज संक्षेपांची होती. कोरणारा मधली अक्षरे गाळून वर आडवी रेघ देतो. ‘क्रिस्ते शेइत्सकाले’, म्हणजे ‘ख्रिस्ता, दया कर’, हे दोन शब्द अनेकदा केवळ आद्य आणि अंत्य अक्षरांवर भागवलेले असतात. मोडी कागदांतील ‘छ’ आणि ‘पौ’ यांसारखे संक्षेप सोडवलेल्याला ही युक्ती परकी वाटत नाही, परंतु शिरोरेघेला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना ती रेघ दिसूनही दिसत नाही, आणि माझ्या पहिल्या तिन्ही चुका तिथेच झाल्या.

दुपारचे सत्र गोरी शहराजवळच्या अतेनी गावातील सातव्या शतकातल्या चर्चला दिले होते, आणि शुल्क वसूल झाले ते इथे. त्या चर्चवरील एका लेखात अब्बासी खलिफाच्या बुघा या सेनापतीने तिबिलिसी (जॉर्जियाची आजची राजधानी) जाळून तेथील अमीर साहाक याला ठार मारल्याची नोंद आहे. काळ दिला आहे तो ऑगस्टची ५ तारीख, शनिवार, कोरोनिकोन ७३. कोरोनिकोन हे ५३२ वर्षांचे कालगणनेचे आवर्तन असून या लेखाच्या काळचे आवर्तन इ. स. ७८१ पासून मोजतात, त्यामुळे शकात ७८ मिळवावेत तसे येथे ७८० मिळवायचे, म्हणजे इ. स. ८५३ येते. आकडेही अक्षरांनीच लिहिलेले असतात, ७० साठी ‘ओ’ आणि ३ साठी ‘ग’. यावर न थांबता शिक्षकांनी आम्हाला जुन्या जूलियन पंचांगाने वार काढायला लावला. शनिवारच निघाला, तेव्हा एरवी चहाची वाट पाहणारे सभागृह क्षणभर गप्प झाले.

उणिवा सांगायला हव्यात. आरंभीची ४० मिनिटे जॉर्जियातील डोंगर आणि द्राक्षमळ्यांच्या चित्रांत गेली, जी कोणत्याही प्रवास कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतील. सरावासाठी दिलेल्या छायाप्रती इतक्या काळ्या पडल्या होत्या की अक्षराची खाच आणि दगडाची भेग यांत फरक करता येत नव्हता, आणि एकाही छायाचित्रात मापपट्टी नव्हती, त्यामुळे अक्षर बोटभर आहे की हातभर, हे कळण्याचा मार्गच उरला नाही. शिलालेखाचा ठसा घेण्याचे प्रात्यक्षिक जाहिरातीत होते. प्रत्यक्षात वेळेअभावी ते वगळले गेले आणि त्याबद्दल आयोजकांनी दिलगिरीचा एक शब्दही काढला नाही.

तरीही मी पुढच्या तुकडीसाठी पुतणीचे नाव नोंदवले आहे. जाणाऱ्यांनी स्वतःचे भिंग आणि विजेरी सोबत न्यावी, कारण तेथे पाच जणांत मिळून एकच भिंग फिरत असते.