कांगशीची बरणी आणि माझे सत्तावीस हजार

२०१८ ला कंपनीच्या कामाने सहा महिने बीजिंगला होतो तेव्हाची गोष्ट आहे, लाजेने इतकी वर्षं घरात पण नीट सांगितली नव्हती, पण परवा एका मित्राने तिकडून निळ्या-पांढऱ्या बरणीचा फोटो पाठवला आणि "घेऊ का रे?" म्हणून विचारलं, म्हटलं आता लिहूनच टाकावं.

रविवारच्या जुन्या बाजारात एका बाईंकडे गोल पोटाची झाकणवाली बरणी दिसली. निळ्या रंगात बर्फ तडकल्यासारख्या रेघा आणि मधे पांढरी प्लमची फुलं. हे डिझाइन कांगशी बादशहाच्या काळातलं (१६६२ ते १७२२) फेमस, एवढं मी नेटवर वाचून गेलेलो, आणि अर्धवट माहितीवाला माणूस म्हणजे या लोकांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. वर शहाणपणा करून खिशातून भिंग काढलं. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात, इथे चक्क ब्रशचे फटकारे, कुठे गडद कुठे फिकट, बुडाला दोन निळ्या वर्तुळांत बादशहाच्या नावाचा सहा अक्षरांचा शिक्का. हाताने रंगवलंय म्हणजे जुनंच, असं मनाशी ठरवलं आणि तिथेच माती खाल्ली, ती पण चिनी. अहो जिंगडेझेनला, म्हणजे चीनच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात, कारागीर आजही हातानेच रंगवतायत, काल रंगवलेलं पण हातानेच असतं! आणि शिक्क्याचं काय घेऊन बसलात, खुद्द कांगशीच्या काळात दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा बादशहाचं नाव टाकायचे, मग एकोणिसाव्या शतकात कांगशीचं टाकायला लागले.

६८०० युआनपासून घासाघीस करत २६०० ला सौदा झाला, म्हणजे तेव्हाचे साधारण सत्तावीस हजार. वर लाल लाखेचं सील होतं, बाईंनी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं की सरकारी आहे, एअरपोर्टवर कोणी अडवणार नाही.

नंतर ऑफिसातल्या एका मुलीच्या वडिलांना कौतुकाने दाखवायला नेली. ते काही बोललेच नाहीत. बरणी उलटी केली, बुडाच्या खरबरीत कडेवर, जिथे ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत लेप) नसतं तिथे, कोमट पाण्यात बुडवलेला टूथब्रश फिरवला आणि तपकिरी पाणी वाहायला लागलं, म्हणजे जुनेपणाचा रंग वरून फासलेला. खालचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, पॉलिश पेपरचे. खऱ्या वापराचे कसेही वेडेवाकडे असतात म्हणे. सील बघून मात्र हसले. १९११ च्या आधीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणजे सील खरं असेल तर बरणी कांगशीची नाही, आणि बरणी खरी असेल तर सील खोटं. माझ्या केसमध्ये दोन्ही खोटं!

बाईंचा वीचॅट (तिकडचं व्हॉट्सॲप) नंबर होता, तावातावाने लांबलचक मेसेज टाकला. अर्ध्या तासात उत्तर आलं, दुसऱ्या बरणीचा फोटो, खाली लिहिलेलं: ही खरंच जुनी आहे, तुम्हाला ओळखीने ३००० मध्ये देते.