मजकूर बदलता ठेवायचा असेल तर एसव्हीजी की पीडीएफ?

इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली लग्नपत्रिका इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिथे मुहूर्ताची वेळ बदलायची असेल, तर एसव्हीजी आणि पीडीएफ या दोन फाइल-प्रकारांतला फरक लगेच जाणवतो. एसव्हीजीत मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) अक्षरांच्या रूपात, उच्चाराच्या क्रमाने लिहिलेला असतो; त्यामुळे निर्यात करताना अक्षरांच्या बाह्यरेषा, म्हणजे नुसते आकार, करण्याचा पर्याय निवडला नसेल, तर ‘निमंत्रण’ हा शब्द पुढेही शब्दच राहतो. पीडीएफमध्ये मात्र कोणता आकार पानावर नेमका कुठे बसवायचा, याचीच प्रामुख्याने नोंद असते. ‘नि’मधली वेलांटी डोळ्यांना ‘न’च्या आधी दिसते, आणि आयात करताना ती तशीच आधी येऊन शब्द मोडण्याची शक्यता असते, परिच्छेदाचे तुकडे होतात ते वेगळेच.

छापखान्याला पीडीएफच द्यावी, कारण तिच्यात फॉन्ट अंतर्भूत करता येतो. एसव्हीजी उघडणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर दुसराच लागून ओळींची लांबी बदलते. तरीही दुरुस्तीसाठी मी एसव्हीजीच निवडतो. मूळ मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर मात्र तो फॉन्ट हाताशी नसताना एसव्हीजीतही रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडीच दिसते.