अडकणारा थ्रॉटल आणि अंबडचे गॅरेज
ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही आमच्या जुन्या मारुती ८०० चे इंजिन रेस होतच राहायचे, आणि आधीच्या गॅरेजने बॉनेट न उघडताच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलण्याचा सल्ला दिला होता. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या या गॅरेजातील मिस्त्रींनी मात्र इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरपासून सोडवली आणि थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, लिव्हर बोटाने फिरवून सोडला. तो स्प्रिंगच्या जोराने खटकन मागे आला, म्हणजे कार्बोरेटरकडचा थ्रॉटल ठीक होता आणि दोष केबलच्या बाजूला होता. बाहेर काढलेल्या केबलच्या काही तारा तुटून आवरणात रुतल्या होत्या. नवी केबल बसवताना त्यांनी तिला किंचित ढील ठेवली आणि पायाखालचे मॅट पेडलला अडत नाही ना, हेही तपासले. जुनी केबल न मागता दाखवली, हे मला विशेष वाटले. बसायला जागा नाही. शनिवारी तर गर्दी फार, तेव्हा सकाळी लवकर गाडी नेलेली बरी.