सेमिनारचा वर्षभराचा पास: काही महिने वापरल्यानंतर

परवाना नूतनीकरणाला प्रशिक्षणाचे ठरावीक तास लागतात, म्हणून भूमापकांसाठीचा हा ऑनलाइन सेमिनार पास घेतला. त्यात काय काय येतं ते विक्रीच्या पानावर आहेच, इथे पुन्हा उतरवत नाही. लिहायला बसलोय तो एका चौकटीमुळे. सत्र चालू असताना अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यात "आपण उपस्थित आहात का?" असं उगवतं. दीड मिनिटात "हो" दाबायचं. एकदा राहिलं की त्या सत्राचे सगळे तास रद्द.

माझं राहिलं ते नेमकं ग्रिड (नकाशावरच्या) आणि ग्राउंड (जमिनीवरच्या) अंतरांच्या सत्रात. वक्त्याने एक किलोमीटरची रेषा दिली, यूटीएम (पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) झोनच्या मध्य रेखावृत्तावर, उंची 600 मीटर, आणि म्हणाला, कॅल्क्युलेटर काढा. काढला. मध्य रेखावृत्तावर स्केल फॅक्टर (नकाशावर अंतर किती पटीने येतं तो आकडा) 0.9996, म्हणजे किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर तिथेच गेले. उंचीपायी आणखी साडेनऊच्या आसपास. दोन्हींचा मिळून कम्बाइंड फॅक्टर आला 0.999506, म्हणजे टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) जमिनीवर मोजलेले 1000 मीटर ग्रिडवर 999.506 होतात. जवळपास अर्ध्या मीटरचा फरक, आणि उपकरणात दोष काही नाही. साइटवर "तुमचं आणि जीपीएसचं जुळत नाही" म्हणून होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ हे आहे, आणि इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मी वहीत हिशोब मांडत होतो, तेवढ्यात चौकट येऊन गेली.

मदतकक्षाचं उत्तर: "आमच्या प्रणालीनुसार आपण सत्रात उपस्थित नव्हता." वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तेच उत्तर आलं, फक्त खालचं नाव बदललं. मग सुचवलं गेलं की सत्र पुन्हा लागेल तेव्हा बसा, तास तेव्हा मिळतील. म्हणजे जे समजलंय तेच पुन्हा ऐका, या वेळी हिशोब न करता.

याउलट ड्रोनचं एक सत्र. त्यात मी आवाज बंद करून थकलेली बिलं तपासत होतो. बटण वेळेवर दाबलं, आणि सत्र संपता संपता प्रमाणपत्र मेलवर हजर. आवाज बंद का केला तेही सांगतो. वक्ता ड्रोन विकणाऱ्यांकडचा होता. त्याने अहवाल दाखवला, आरएमएसई (एकंदर चूक दाखवणारा आकडा) दोन सेंटिमीटर, टाळ्यांचे इमोजी. पण हे दोन सेंटिमीटर कोणत्या बिंदूंवर? ज्या जीसीपींवर (जमिनीवर आधी मोजून ठेवलेल्या खुणांवर) मॉडेल ताणून बसवलं त्यांच्यावरच. तिथे चूक कमी दिसणारच. गणितात न घेता बाजूला राखून ठेवलेले चेक पॉइंट किती आणि त्यांच्यावर काय आलं, असं चॅटमध्ये विचारलं. "छान प्रश्न, शेवटी घेऊ." शेवटी सवलतीचा कोड आला, उत्तर आलं नाही.

तेव्हापासून मी वक्ता एकाच गोष्टीवरून पारखतो: हा माणूस स्वतःच्या कामातली चूक आकड्यांत दाखवतो का? रेसिड्युअल्स (मोजलेल्या आणि गणिताने आलेल्या आकड्यांतले फरक) दाखवतो का, न जुळलेला लूप (निघालो तिथेच परत येणारी मोजणी) दाखवतो का, टाकून दिलेलं निरीक्षण का टाकलं ते सांगतो का? ज्याच्या सगळ्या स्लाइडवर सगळं जुळतं, त्याच्याकडून मला काही शिकायचं नाही. सत्राच्या वर्णनातच हे बरंचसं कळतं. "क्रांती", "भविष्य", "नवी क्षितिजं" दिसलं की पुढे जातो. "रॉ फाइल आधी पाठवू, सोबत सोडवू" असं दिसलं की नाव नोंदवतो. जीएनएसएसवरच्या (जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींवरच्या) सत्राची आणखी एक सोपी खूण आहे. मे 2000 मध्ये सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी (अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक) बंद झाली, ही कथा पहिल्या पाच मिनिटांत आटोपली तर ठीक. अर्ध्या तासानंतरही वक्ता तिथेच असेल तर जिऑइड (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणारा पृथ्वीचा आकार), डेटम (मोजणीचा संदर्भ), एपॉक (निर्देशांक कोणत्या तारखेचे ते) यांना वेळ उरणार नाही. आणि खरी गोची तिथेच आहे. रोव्हर (सोबत घेऊन फिरायचा उपग्रह-रिसीव्हर) देतो ती उंची इलिप्सॉइडची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची), बेंचमार्कची (उंची ठरलेल्या खुणेची) उंची समुद्रसपाटीची, आणि या दोन्हींतला फरक जगात कुठे उणे शंभर मीटरच्या पलीकडे जातो तर कुठे अधिक ऐंशीच्या वर. मधलं जिऑइड मॉडेल कोणतं टाकलं हे ज्याने विचारलं नाही, त्याची उंची नशिबावर.

हद्दीच्या वादांवरचं सत्र मी केवळ तास भरायला घेतलं होतं. निघालं सगळ्यांत मोलाचं. वक्त्याने बरीच वर्षं न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून काढलेली. त्याने उलटतपासणीत विचारले जाणारे प्रश्नच मांडले: हा दगड मूळचा आहे हे कशावरून? शेजारची खूण तुम्ही नाकारली ती का? नाकारल्याची नोंद फील्डबुकात आहे का? बऱ्याच कायदेपद्धतींत मूळ जागेवर टिकलेल्या खुणेला दस्तातल्या अंतरापेक्षा जास्त वजन असतं. आरटीकेच्या (जागेवरच अचूक स्थान देणाऱ्या जीएनएसएस पद्धतीच्या) माहितीपत्रकातलं 8 मिलिमीटर अधिक 1 पीपीएम (किलोमीटरमागे 1 मिलिमीटर) तिथे फार उपयोगी पडत नाही. फक्त एक पाहून घ्या: वक्ता ज्या कायद्याखाली काम करतो तो तुम्हाला लागू आहे का. गणित कुठेही तेच राहतं, कायदा नाही. तास दोन्हीकडे सारखेच मोजले जातात, त्यामुळे ही चाळणी तुम्हालाच लावावी लागते.

भर, काही आठवड्यांनी: इथवर लिहून ठेवलं होतं तेव्हा "कंपनीच्या माणसाचं सत्र घेऊ नका" असा सल्ला देणार होतो. तो खोडतोय. उपकरणांच्या दुरुस्ती विभागातल्या एका तंत्रज्ञाचं सत्र ऐकलं. बोलणं अडखळत, स्लाइड जुन्यापुराण्या, पण माणूस रोज बिघडलेली यंत्रं उघडतो. लेझर प्लमेट (यंत्र खालच्या बिंदूच्या नेमकं वर आणायला ठिपका पाडणारा लेझर) यंत्राच्या फिरणाऱ्या भागात असेल तर यंत्र 180 अंशांत फिरवा, ठिपका हलला तर प्लमेट चुकतंय. पण प्लमेट ट्रायब्रॅकमध्ये (तिपाईवर यंत्र बसवायच्या तळभागात) असेल तर यंत्र फिरवून काहीच कळणार नाही, कारण ट्रायब्रॅक फिरतच नाही. ते वेगळं तपासावं लागतं. मग प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे किरण परतवणाऱ्या प्रिझमपायी अंतरात करायची दुरुस्ती. एका कंपनीचा गोल प्रिझम तिच्या यंत्रात शून्य, दुसऱ्याच्या यंत्रात उणे 34.4 मिलिमीटर. भाड्याने प्रिझम आणून त्याच सेटिंगवर काम करणारे किती जण आहेत हे त्याला ठाऊक होतं, नावं घेतली नाहीत. विकायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा विक्री विभाग टाळा, दुरुस्ती विभाग आला तर खुर्ची धरा.

दुसरी भर: रेकॉर्ड केलेल्या सत्रांना मी बिनकामाचं समजत होतो, कारण प्रश्न विचारता येत नाहीत. आता वाटतं, हिशोबाच्या विषयांना तीच बरी. थांबवायचं, सोडवायचं, पुढे जायचं. गंमत अशी की रेकॉर्डिंगमध्येही ती चौकट येते, आणि पॉज केलं तरी तिचं घड्याळ चालूच राहतं! उपस्थिती तपासायला माझा विरोध नाही. शेवटी एक रेषा द्या, उंची द्या, ग्रिड अंतर किती ते विचारा. ज्याला आलं त्याला तास. हे मी मदतकक्षाला लिहिलं तेव्हा "अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" आलं, आणि त्या मेलच्या तळाशी पुन्हा सवलतीचा कोड.

खर्चाचं बोलायचं तर पास स्वस्त वाटतो तो सगळी सत्रं मोजली तर. मला घेण्याजोगी वाटली तेवढीच सत्रं एकेक करून विकत घेतली असती तर कमी पैसे गेले असते आणि रविवारही वाचले असते. जे केवळ संख्येसाठी तास शोधताहेत त्यांना पास परवडेल, त्यांनी घ्यावा. वाचून शिकणाऱ्यांना आणखी एक सोय आहे: 1878 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या फिग या भूमापकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परिषदांमधले निबंध त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तास मिळत नाहीत, पण वक्ता निवडायला ते कामी येतात. ज्याचं भाषण ऐकायचंय त्याने आधी काय लिहिलंय, आणि त्यात तक्ते आहेत की नुसती छायाचित्रं, हे तिथे पाहता येतं.

पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाही. लीस्ट स्क्वेअर्स ॲडजस्टमेंटचं (मोजणीतल्या चुका सगळ्या निरीक्षणांत गणिताने वाटून देण्याच्या पद्धतीचं) एक प्रत्यक्ष सत्र सुटं दिसलंय, दिवसभराचं. वक्त्याला मेल टाकून विचारलंय की सरावाची फाइल खऱ्या कामातली आहे की बनवलेली, आणि त्यात मुद्दाम चुकलेलं निरीक्षण घातलंय का. उत्तर आलं की पैसे भरेन.