नासा एक्झोप्लॅनेट अर्काइव्ह: ग्रहांची हवा कशी उडते हे बघायचं असेल तर वापराच, फक्त टेबल नीट निवडा

ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या तापलेल्या ग्रहांचं वातावरण अवकाशात कसं निसटतं, यात रस असेल तर ही साइट मस्टच आहे. फुकट, लॉगिनची भानगड नाही, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचे लोक नासासाठी चालवतात आणि ६००० हून जास्त एक्झोप्लॅनेटचा, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा, डेटा एका जागी.

मला सगळ्यात आवडतं ते प्लॉटिंग टूल. आडव्या अक्षावर ग्रहाचा परिभ्रमणकाळ, उभ्यावर त्रिज्या, दोन्ही लॉग स्केलवर, बस. डावीकडे वर हॉट ज्युपिटर (ताऱ्याजवळचे गुरूएवढे तापलेले ग्रह), खाली छोटे खडकाळ ग्रह आणि मधे जवळजवळ कोरी पाचर, हाच तो नेपच्यून डेझर्ट, म्हणजे ताऱ्याजवळ नेपच्यूनएवढे ग्रह जवळजवळ नसलेला भाग! इतक्या जवळ ताऱ्याच्या एक्स-रे आणि अतिनील किरणांनी वरचा थर १०,००० केल्विनच्या आसपास तापतो, वायू फुगतो आणि ग्रहाच्या पकडीतून सुटत राहतो, मग नेपच्यूनएवढ्याचा कधीकधी नुसता गाभा उरतो (पाचरीच्या वरच्या कडेमागे बहुतेक ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या बलाचा हात जास्त आहे). मोठे मात्र टिकतात. एचडी २०९४५८ बी हा हॉट ज्युपिटर घ्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या निरीक्षणात तो दृश्य प्रकाशात ताऱ्याचा दीडेक टक्का झाकत होता पण हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषेत (हायड्रोजनची खूण असलेल्या ठरावीक अतिनील प्रकाशात) जवळपास १५ टक्के, म्हणजे ग्रहाभोवती केवढा मोठा ढग! सेकंदाला साधारण १०,००० टन वायू जातो असा अंदाज आहे, तरी वस्तुमान गुरूच्या ०.७ पट असल्यामुळे अख्ख्या आयुष्यात त्याचा फारच थोडा भाग कमी होणार.

आता तक्रार. एका ग्रहाला एकच ओळ देणारं जे कंपोझिट टेबल आहे ना, ते सोयीचं दिसतं पण त्यात वेगवेगळ्या रिसर्च पेपरमधले आकडे एकत्र केलेत, आणि वस्तुमान मोजलेलंच नसेल तर त्रिज्येवरून सूत्राने काढलेलं टाकतात. वायू निसटायचा वेग घनतेवर अवलंबून असतो, घनता विरळ तर गळती जास्त, त्यामुळे असल्या अंदाजी वस्तुमानावर गणित केलं तर उत्तराला काही अर्थ राहत नाही. साइटवर हे स्पष्ट लिहिलंय, पण नवीन माणूस ते वाचत नाही आणि थेट डाउनलोड मारतो. प्लॅनेटरी सिस्टिम्स टेबल घ्या, त्यात डीफॉल्ट सेटचा (साइटने प्रत्येक ग्रहासाठी निवडलेल्या आकड्यांच्या संचाचा) फिल्टर लावा, एका ओळीतले आकडे एकाच पेपरचे मिळतात.

दुसरं म्हणजे ग्रहावर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा कॉलम आहे पण एक्स-रे आणि अतिनीलचा वेगळा नाहीच, आणि या विषयात खरा खेळ त्याचाच. एलटीटी ९७७९ बी हा ग्रह बघा, वर्ष फक्त ०.७९ दिवसाचं, बरोब्बर त्या कोऱ्या पाचरीत बसलाय आणि तरी वातावरण शाबूत, कारण त्याचा तारा एक्स-रेमध्ये खूप मंद आहे. नुसता टेबलमधला प्रकाश बघितला तर हा टिकला कसा ते कळणारच नाही. ताऱ्याचं वय आणि फिरण्याचा काळ यांचे कॉलम आहेत, त्यावरून अंदाज लावता येतो पण कितीतरी ओळी रिकाम्या.

पाचपैकी साडेचार. तो एक्स-रेचा कॉलम आला की उरलेला अर्धाही देईन.